रडायची नोकरी

मोर्शीकडच्या आमच्या गावात चंद्रभान गावंडे यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नसे. काळी जमीन होती, पण ती थोरला भाऊ पाहायचा. चंद्रभानजींचं नाव होतं ते दंडारीत. सुगी उरकली की गावोगाव ही नाचगाण्याची सोंगं उभी राहायची आणि त्यात चंद्रभानजी लुगडं नेसून बायकांची कामं करायचे. नाच त्यांना फारसा येत नव्हता, गळाही बेताचाच. पण रडावं ते त्यांनीच. पोर गेलेल्या आईचं सोंग घेऊन ते खाली बसले की आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग कुठून तरी खोलातून एक बारीक आवाज निघायचा आणि पुढे बसलेल्या बायका आपापल्या लेकरांना पोटाशी ओढून घ्यायच्या. मी तेव्हा मांडीवरचा. माझी माय सांगायची, ते रडले की तूही रडायचास आणि ते थांबले तरी तू थांबत नव्हतास.

पुढे तंबूतला सिनेमा आला, दंडारीला माणूस मिळेना. थोरल्या भावाशीही पटेना. चंद्रभानजी बायकोला घेऊन अमरावतीला गेले. एका संत्र्याच्या वखारीत त्यांना काम मिळालं. फळ निवडायचं, तणसात ठेवून पेट्या भरायच्या. जमुनाकाकू दोन घरची धुणीभांडी करू लागली. त्यातलं एक घर प्राध्यापक कमलाकांत पातुरकरांचं.

पातुरकर सर शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचे. अमेरिकेत शिकून आले होते. माणूस वाईट नव्हता, हे जमुनाकाकू शेवटपर्यंत म्हणायची. भांडी घासायला तिला गरम पाणी द्या, असं बायकोला सांगणारा तो एकच मालक तिला भेटला. सरांचे वडील बेचाळीस साली फौजदार होते. वरून हुकूम आला म्हणून त्यांनी शाळकरी मुलांच्या मोर्चावर लाठी चालवली आणि ओळखीच्याच एका घरातल्या मुलाचा डोळा गेला. त्यानंतर ते घरात कोणाशी धड बोललेच नाहीत. जेवायला बसायचे, उठायचे. सर तेव्हा कॉलेजात होते. माझे वडील क्रूर नव्हते, मग त्यांचा हात का थांबला नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसला होता.

सरांच्या पत्नी चारुशीलाबाईंना जमुनाकाकूनं कधीतरी बोलता बोलता नवऱ्याच्या रडण्याचं सांगितलं होतं. ते सरांच्या कानावर गेलं आणि एका रविवारी त्यांनी चंद्रभानजींना बोलावून घेतलं.

"जमुनाबाई म्हणतात, तुमच्यासारखं रडणं कोणाला जमत नाही."

चंद्रभानजी लाजले. "आता कोन पायते सायेब ते."

"मला दाखवाल?"

"असं? मधातच?"

चंद्रभानजी फरशीवर बसले, मान खाली घातली. थोड्या वेळानं आतून चारुशीलाबाई धावत आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "पुरे. अहो, पुरे करायला सांगा त्यांना."

मग सरांनी काम समजावून सांगितलं: शिकाऊ मास्तर बटन दाबतील आणि विजेचा झटका बसल्यासारखं रडायचं. चंद्रभानजींना ते लगेच समजलं, पण खरं वाटेना.

"म्हंजे करंट नसतेच?"

"नसतोच. तार नुसती दाखवायला."

"अन् मास्तराले हे मालूम नसते?"

"नाही."

"मंग त्याले कवा सांगसान?"

"सगळ्यांचं झालं की सगळ्यांना एकदम सांगू. आधी एकाला सांगितलं तर वसतिगृहभर होईल. आणि तोपर्यंत तुम्ही त्यांच्यापैकी कोणाच्या नजरेला पडायचं नाही."

पासष्टची लढाई संपली त्या हिवाळ्यात काम सुरू झालं. कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन जुन्या खोल्या होत्या, मधे दार. एका खोलीत टेबलावर बटनांची पेटी. राजकमल चौकातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सरांनी ती करून घेतली होती. बटन दाबलं की दिवा लागायचा, आत काहीतरी गुरगुरायचं, बस. दुसऱ्या खोलीत नुसती खुर्ची. गुरुजी होऊ घातलेल्या मुलामुलींना एकेक करून बोलवायचं आणि सांगायचं, की प्रौढ शिक्षणासाठी संशोधन चाललं आहे. शिक्षा झाली तर अडाणी माणूस लवकर शिकतो का, ते पाहायचं आहे. अडाणी माणूस म्हणजे चंद्रभानजी. गुरुजीनं शब्दांच्या जोड्या वाचायच्या, दाराआडून चंद्रभानजींनी जोडी सांगायची. चुकले की गुरुजीनं बटन दाबून विजेचा झटका द्यायचा. पुढची चूक, पुढचं बटन, आणखी जोराचा झटका.

गुरुजीच्या देखत सर चंद्रभानजींच्या मनगटाला तार गुंडाळत. चंद्रभानजी हात जोडून म्हणत, "जरा सांभाळून बरं गुरुजी." मग दार लागे. सुरुवातीला ते नुसते कण्हत. पुढे म्हणत, "बस करा." त्याच्याही पुढे, "छाती दुखून राहिली माही, सोडा मले." मग रडणं. आणि शेवटच्या काही बटनांना काहीच नाही. तिथे गप्प बसायचं, असं सरांनीच ठरवून दिलं होतं.

पहिल्या आठवड्यात चंद्रभानजी खुशीत होते. इतक्या वर्षांनी आपलं रडणं कोणीतरी ऐकतंय, याचंच त्यांना अप्रूप. कोणता हुंदका कुठे टाकला, हे ते घरी येऊन जमुनाकाकूला करून दाखवत. पण हळूहळू ते स्वतःचं सोडून दारापलीकडचं ऐकू लागले. एकजण दर बटनाला खिंकाळल्यासारखा हसायचा आणि सरांची माफी मागायचा. एकजण बटनाआधी "माफ करा काका" म्हणायचा आणि दाबायचा. एकानं तर एवढंच विचारलं, की आजची हजेरी लागेल ना? परतवाड्याकडची एक मुलगी मात्र दुसऱ्याच किंकाळीला उठली. "हे मी करणार नाही सर," म्हणाली आणि तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. त्या दिवशी चंद्रभानजी घरी जाताना पावशेर जिलेबी घेऊन गेले.

असे थांबणारे थोडे होते. बाकीचे कुरकुरायचे.

"सर, त्यांना फार लागतंय."

"चालू ठेवा."

"पण काही झालं तर?"

"जबाबदारी माझी."

हे ऐकलं की पलीकडचा श्वास मोकळा व्हायचा आणि पुढचं बटन पटकन दाबलं जायचं. चंद्रभानजींचा रडण्याचा सूर तिथे नकळत चढायचा. जणू त्या एका वाक्याशीच ते भांडत होते. पण तिकडे ते वाक्यच नेहमी जिंकायचं.

"हे पोट्टे उद्या कोनाच्या गावात मास्तर होऊन जातीन, जमुना," ते म्हणायचे. "कोनी वरून सांगतलं का हाना, तं हानतीन."

"तुमी कशाले डोक्श्यात घेता? तुमचं काम रडाचं."

देवीदास आला तो जानेवारीत. अंजनगाव सुर्जीचा, बापाचा पानमळा, घरातून पहिलाच शिकायला बाहेर पडलेला. अंगानं काडी. तार बांधताना त्यानं विचारलं, "काका, जास्त आवळलं तं नाही ना?" असं विचारणारा तोच पहिला. चंद्रभानजींना वाटलं, हा काही लांबवर जात नाही.

तो शेवटपर्यंत गेला. रडत गेला. सरांना हात जोडत होता, खुर्चीतून उठत होता, परत बसत होता आणि बटन दाबत होता. चंद्रभानजी गप्प झाले तेव्हा तो हाका मारू लागला. "काका? ओ काका, बोला ना. चुकीचं सांगा, पन बोला."

चंद्रभानजींनी स्वतःची मूठ तोंडात धरली.

"उत्तर आलं नाही म्हणजे चूक," सरांचा आवाज आला. "पुढचं बटन."

गुरगुर झाली. मग दिवा विझल्याचा खटका.

"मले त्याईले पाहू द्या सर."

"आम्ही त्यांची काळजी घेऊ. तुम्ही जा."

त्यानंतर काही दिवसांनी चंद्रभानजी वखारीकडे निघाले होते. वाटेत सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी देवीदास उभा दिसला. दाढी वाढलेली. आतून येणाऱ्या एका नोकराला थांबवून विचारत होता, "एक मोठे काका आनले होते का? मोर्शीकडचं बोलतेत. छातीचा तरास होता त्याईले." नोकरानं मान हलवली. देवीदास पुढच्याला विचारू लागला. त्याची विचारण्याची पद्धत अशी, की रोज विचारत असावा.

हाक ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. चंद्रभानजींनी दुपट्टा तोंडावर ओढला आणि बाजूच्या बोळात शिरले. नजरेला पडायचं नाही, असं सरांनी सांगितलं होतं.

संध्याकाळी ते सरांच्या घरी गेले.

"त्या अंजनगावच्या पोट्ट्याले सांगून टाका सर. तो मले दवाखान्यात धुंडून राहिला."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "कळतं मला. पण आता थोडेच राहिलेत. मधेच फुटलं तर सगळं वाया जाईल. लोक कुठवर जातात हे आपल्याला कळलंच पाहिजे, चंद्रभानजी. कळलं तर कधीतरी थांबवता येईल."

"तो जेवत नसन."

"पंधरवड्यात मी स्वतः त्याच्याशी बोलेन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जबाबदारी माझी."

आणि ते ऐकून चंद्रभानजींना बरं वाटलं. छातीवरचं ओझं कोणी उचलून घ्यावं, तसं. फाटकापर्यंत ते हलक्या पायांनी चालत आले, आणि तिथे थांबले. कारण ते वाक्य ऐकल्यावर पलीकडच्या खोलीतल्या पोरांना काय होत असेल, ते त्यांना आता कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत जाऊन बसले. तार बांधून घेतली. रडले.

पंधरवडा संपण्याआधीच देवीदास वसतिगृहातून निघून गेला. पेटी तिथेच, अंथरूण तिथेच. सर म्हणाले, घरी गेला असेल, आपण कळवू.

ती बातमी आली त्याच दिवशी अनुपमा नावाची मुलगी आली होती. अमरावतीचीच, वकिलाची. स्पष्ट, नीट वाचणारी. ती फारसं बोलली नाही. मधे एकदा थांबली, सर म्हणाले, "चालू ठेवा," आणि ती पुन्हा वाचू लागली. पण तिचा आवाज आता अक्षरागणिक तुटत होता. चंद्रभानजी रडत होते. छाती दुखते म्हणायची वेळ आली. ते म्हणाले. बटन दाबलं गेलं. आणि मग त्यांनी मनगटावरची तार ओढून काढली, उठले आणि मधलं दार उघडलं.

"बाई, मले काहीच होऊन नाही राहिलं," ते म्हणाले. "हे पाहा. करंट नाही, काही नाही. खोटं हाय सारं. मी सोंगाड्या हाय."

अनुपमा त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. चंद्रभानजींना वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं होईल.

"मी थांबणारच होते," ती ओरडली. "आत्ता, ह्याच वेळेला थांबणार होते मी. तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे यायला?"

ती वही तिथेच टाकून निघून गेली. सर खिडकीपाशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "आता तिला कधीच कळणार नाही, ती थांबली असती की नाही. हे तुम्ही केलंत."

"हो सर. मी केलं." मग चंद्रभानजी म्हणाले, "अन् देवीदासचं आपन दोघानं."

तिथून ते सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले. संत्र्याच्या पेट्या भरणारा माणूस तक्रार घेऊन आत येतो, हेच प्राचार्यांना आधी आवडलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोणाला मार बसला?"

"नाही जी."

"तुम्हाला शॉक बसला?"

"नाही."

"पैसे बुडाले?"

"नाही."

"मग तक्रार कशाची आहे?"

चंद्रभानजींना ते सांगता येईना. ते एवढंच म्हणत राहिले, की एक पोट्टा निघून गेला, त्याले वाटते का म्या मानूस मारला. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सरांनी नाकारलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण ते म्हणाले, "हे सांगतायत ते खरं आहे."

बभ्रा नको म्हणून सगळं गुपचूप आवरलं गेलं. एका सकाळी प्रार्थनेनंतर प्राचार्यांनी जाहीर केलं, की मागच्या खोलीत झालं तो अभ्यासाचा एक नाट्यप्रयोग होता, कोणाला इजा झालेली नाही, यावर चर्चा करू नये. मुलं वर्गात गेली. ज्यांनी शेवटचं बटन दाबलं होतं त्यांच्याशी कोणी वेगळं बोललं नाही. उन्हाळ्यात सर नोकरी सोडून पुण्याला गेले. जाण्याआधी चारुशीलाबाईंनी जमुनाकाकूला, उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं, आणि सांगताना त्या भिंतीकडे पाहत होत्या.

चंद्रभानजींचं तोंड आता सगळ्यांना माहीत झालं होतं. ती मुलं एकेकटी त्यांना गाठायची, वखारीत, रस्त्यात. त्यांना वाटलं, शिव्या देतील. शिव्या कोणी दिल्या नाहीत. प्रत्येकाचा प्रश्न तोच.

"माझं नाव कोणाला सांगितलं तर नाही ना?"

"नाही बापू."

"सांगू नका."

त्यातला एक वखारवाल्याचा पुतण्या होता. दिवाळीच्या तोंडावर, माल सगळ्यात जास्त असताना, वखारवाल्यानं चंद्रभानजींना सांगितलं की आता माणसाची गरज नाही.

सरांनी देवीदासला कळवलं असेल, असं ते इतके दिवस धरून होते, तरी गावाकडे परतण्याआधी अंजनगावला गेले. पानमळा विचारत विचारत पोचले. वेलींच्या सावलीत गारवा होता आणि देवीदास पानं खुडत होता. चंद्रभानजींना पाहून त्याच्या हातातली पानं खाली पडली.

"मी जिता हाय, बापू," चंद्रभानजी म्हणाले. "मले काहीच झालं नव्हतं. त्या दिवशी बी नाही. ते नाटक होतं."

देवीदासनं जवळ येऊन त्यांचं मनगट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. मग सोडलं. बांधावर बसला.

"तुमी जिते हा, हे बरं झालं," तो म्हणाला. "पन मले कुठी मालूम होतं का नाटक हाय? म्या तं दाबलंच ना, काका. तुमी बोलनं बंद केल्यावर बी दाबलं."

"सर दाबाले सांगत होते."

"हात माहा होता."

देवीदासच्या आईनं, इंदूबाईनं, त्यांना भाकर वाढली. पोरगा परत शिकायला जाईल का, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, शाळेचं नाव काढलं तरी उठून जाते. पुढच्या वर्षी ते पुन्हा अंजनगावला गेले. त्या वेळी इंदूबाईनं त्यांना मळ्याबाहेरच गाठलं. "तुमी चांगल्यासाठीच येता, मले समजते. पन येऊ नोका भाऊ. तुमाले पाहिलं का तो दोन दोन दिस जेवत नाही." ते तिथूनच मोटार-स्टँडवर आले.

गावात त्यांनी थोरल्या भावाच्या हाताखाली शेतात काम धरलं. कोणी दंडारीचं नाव काढलं की नको म्हणायचे. मी तेव्हा शाळेत होतो. गुरुजींनी वर्गात छडी काढली आणि चंद्रभानजी रस्त्यावरून जात असले, तर ते खिडकीशी येऊन उभे राहत. काही बोलत नसत. नुसते उभे. गुरुजी चिडायचे, पण छडी खाली ठेवायचे. लोक म्हणायचे, शहरात जाऊन याचं डोकं फिरलं. बाप लोक आपसांत हसायचे, आणि मुलांना त्यांची भीती वाटायची.

अडुसष्ट साली एक बाई मोर्शीहून मोटारीनं त्यांच्याकडे आली. मी ओसरीवरच होतो. अनुपमा. मोर्शीच्या मुलींच्या शाळेत आता शिकवत होती. जमुनाकाकूनं चहा केला. बाई बराच वेळ शेतापाण्याचं बोलत राहिली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत, त्याच्या आधी... माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला होता का तुम्हाला? मी उठत होते. मला वाटतं, मी उठत होते."

चंद्रभानजी हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, असं जमुनाकाकू पुढे कितीदा तरी म्हणाली.

"मी रडत होतो बाई," ते म्हणाले. "माह्याच आवाजात मले पलीकडचं काही आयकू आलं नाही."

बाईनं मान डोलावली. चहा पुरा प्यायली. मोटारीला वेळ होता, तरी उठली.

पुढच्या थंडीत चंद्रभानजी खोकल्यानं अंथरुणाला खिळले आणि होळीच्या आधी गेले. जमुनाकाकू म्हणायची, त्यांनी खरं सांगितलं, पण ते कोणालाच नको होतं. ना सांगण्याआधी, ना नंतर. तेराव्याला गावातलेच लोक होते. बाहेरून कोणी आलं नाही.